‘करुणेने काम करणारा’ थेरपिस्ट नेमका ओळखायचा कसा?

गोदाकाठ (नाशिक) यांचा प्रश्न:

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. मागच्या वर्षी भाद्रपदात माझी आई गेली. त्याआधी साडेतीन वर्षे ती अंथरुणाला खिळून होती आणि तिचे अंघोळ-पाणी, औषधे, कूस बदलून देणे, सगळे मीच करत होते. ती गेल्यावर मला आता जरा उसंत मिळेल असे घरातल्या सगळ्यांना वाटले. प्रत्यक्षात मला अजूनही रात्री दोनच्या सुमारास, म्हणजे तिची कूस बदलायच्या वेळेला, जाग येते आणि पुढे पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. शाळेत शिकवताना मधेच शब्द आठवेनासा होतो.

मैत्रिणीच्या आग्रहाखातर मी एका समुपदेशकांकडे गेले होते. मी आईच्या शेवटच्या महिन्याबद्दल बोलू लागले, तोच त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, “आई सुटली असे समजा, आता मुलांकडे बघा.” हेच वाक्य मी दहाव्याला आलेल्या निदान वीस जणांकडून ऐकले होते. तेच ऐकायला मी पैसे देऊन, शाळेतून अर्धी रजा काढून आले, या विचाराने मला रडूच कोसळले. पुन्हा तिकडे गेले नाही.

आता दुसऱ्या कोणाचा तरी शोध घेत आहे. इंटरनेटवर थेरपिस्टची माहिती वाचते, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने ‘करुणामय दृष्टिकोन’, ‘क्लायंट-केंद्री पद्धत’ असे लिहिलेले असते आणि त्याखाली पदव्यांची रांग असते. त्यातले किती खरे मानावे, कोणते शिक्षण पाहावे आणि मुख्य म्हणजे करुणा ही गोष्ट पहिल्या भेटीत ओळखता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


निवृत्त_चिकित्सालयीन (पुणे):

गोदाकाठताई, आपल्या आईच्या जाण्याचे आणि त्यानंतर आपल्याला आलेल्या अनुभवाचे मनापासून वाईट वाटते. मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून आधी सरकारी मनोरुग्णालयात आणि नंतर स्वतंत्रपणे अशी तीस वर्षे काम केले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला गोंधळ शब्दांचा आहे. वर्तमानपत्रांत ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द बहुतेक वेळा सायकियाट्रिस्टसाठी येतो, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारातली एम.डी. किंवा डीपीएम ही पदविका केलेल्या डॉक्टरांसाठी; औषधे डॉक्टरच लिहून देऊ शकतात. ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ म्हणजे मानसशास्त्रात एम.ए. केल्यानंतर रुग्णालयातल्या देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. किंवा त्यासारखा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेली व्यक्ती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ही व्याख्या दिलेली आहे, आणि अशा व्यक्तीची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागते. तो नोंदणी क्रमांक विचारण्यात कसलाही संकोच बाळगू नये. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र दोन वर्षांचे एम.ए. असू शकते, वर्षभराची पदविका असू शकते किंवा काही आठवड्यांचे प्रमाणपत्रही असू शकते. त्यामुळे पाटी वाचून थांबू नये. शिक्षण कुठे झाले, प्रत्यक्ष क्लायंटसोबतचे काम कोणाच्या देखरेखीखाली केले, हे नेमके विचारावे.

आता करुणेविषयी. ‘क्लायंट-केंद्री’ हा शब्द आपण वाचला, तो कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. त्यांची पार्श्वभूमी मला नेहमीच बोलकी वाटत आली आहे. १९०२ साली शिकागोजवळच्या ओक पार्क इथे एका कडक धार्मिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहायला गेले आणि तिथे हा एकलकोंडा मुलगा निशाचर पतंगांचे निरीक्षण करण्यात आणि शास्त्रीय शेतीची पुस्तके वाचण्यात रमला. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी आधी शेतीशास्त्रालाच प्रवेश घेतला, मग धर्मोपदेशक व्हायचे ठरवले, १९२२ साली एका ख्रिस्ती विद्यार्थी परिषदेसाठी चीनला गेले, परत येऊन न्यूयॉर्कच्या धर्मशिक्षण संस्थेत दोन वर्षे काढली आणि तिथून रस्त्यापलीकडच्या कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्राकडे वळले. आपण काय मानायचे ते दुसऱ्याने ठरवून द्यावे, हे त्यांना सोसवेना म्हणून त्यांनी धर्मशिक्षण सोडले. पुढे क्लायंटने कोणत्या दिशेने जावे हे आपण ठरवायचे नाही, असा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला, त्याचे बीज मला इथेच दिसते.

परंतु हा आग्रह त्यांच्या ठायी पहिल्यापासून नव्हता. १९२८ पासून बारा वर्षे ते रॉचेस्टर शहरात अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करत होते. तिथला एक प्रसंग त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे. एका दांडगट मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. या आईने मुलाला लहानपणीच मनातून झिडकारले आहे, हे त्यांना तिच्याच बोलण्यातून स्पष्ट दिसत होते; तिने सांगितलेल्या गोष्टींचे धागे जुळवून, अगदी हळुवारपणे, ते तिला ते दाखवून देऊ पाहत होते. कितीतरी भेटी झाल्या आणि हाती काही लागले नाही. शेवटी त्यांनी हार मानली, आपण दोघांनीही प्रयत्न केला पण जमले नाही असे सांगितले, आणि तीही हो म्हणाली. निरोप घेऊन ती दारापर्यंत गेली, तिथून वळली आणि तिने विचारले, “तुम्ही इथे मोठ्या माणसांना मदत करता का?” ते हो म्हणाले, तेव्हा ती खुर्चीत परत येऊन बसली आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आपले अपयश, आपली हतबलता हे सगळे बोलू लागली. आधीच्या भेटींत तिने दिलेल्या माहितीशी या बोलण्याचे काही नाते नव्हते. रॉजर्सनी त्या दिवशी केले ते इतकेच की तिला बोलू दिले. कुठे दुखते हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, हे आपण त्या बाईकडून शिकलो, असे ते पुढे सांगत.

ताई, आपल्या त्या समुपदेशकांनी कदाचित वाईट हेतूने काहीच केले नसेल. आपल्याला बरे वाटावे अशी त्यांना घाई झाली, आणि त्या घाईत आपल्या आईचा शेवटचा महिना ऐकायचा राहून गेला. आम्ही प्रशिक्षण देतो तेव्हा सगळ्यात जास्त वेळ याच एका सवयीवर जातो. समोरचे दुःख ऐकवत नाही, म्हणून आपण धीर देऊन ते बंद करतो. १९४० च्या दशकात ओहायो इथे रॉजर्स आणि त्यांचे विद्यार्थी तबकड्यांवर ध्वनिमुद्रण करून स्वतःच्या भेटी पुन्हा ऐकत, आणि त्या काळी हे क्वचितच कोणी करत असे. आपण किती वेळा मधे बोललो, कुठे विषय वळवला, हे आपल्याच आवाजात ऐकताना भल्याभल्यांचा चेहरा उतरतो. मीही प्रशिक्षणाच्या काळात एका क्लायंटच्या परवानगीने केलेले ध्वनिमुद्रण गुरूंसमोर बसून ऐकले आहे. चाळीस मिनिटांत मी नऊ वेळा ‘पण’ म्हणालो होतो. त्या प्रत्येक ‘पण’च्या आधी त्या गृहस्थांचे वाक्य अर्धे राहिले होते.

१९५७ साली रॉजर्सनी आपला विचार एका निबंधात मांडला. थेरपिस्टच्या बाजूने तीन गोष्टी लागतात, असे त्यांनी म्हटले: त्याने मुखवटा न घालता खरे असावे, क्लायंटला कोणत्याही अटीशिवाय आदराने स्वीकारावे, आणि त्याचे आतले जग आपलेच आहे जणू, अशा रीतीने समजून घ्यावे. यातला ‘जणू’ फार महत्त्वाचा. तो सुटला की काय होते, हे त्यांना स्वतः भोगावे लागले होते. १९४९ च्या सुमारास शिकागोला असताना एका अतिशय व्यथित स्त्रीवर उपचार करताना आपण कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते, हेच त्यांना कळेनासे झाले. ‘आता मला हे झेपत नाही’ असे म्हणणे त्यांना जमेना. अखेरीस तिला एका सहकाऱ्याच्या हाती सोपवून ते पत्नीसह दोन-तीन महिने शहराबाहेर निघून गेले आणि परतल्यावर आपल्याच समुपदेशन केंद्रातल्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी स्वतः उपचार घेतले. एवढ्या मोठ्या माणसाने हे लपवून ठेवले नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी विशेष आदर आहे. म्हणूनच मी आपल्याला सुचवेन की थेरपिस्टला आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: “आपल्याला अडचण आली तर आपण कोणाशी चर्चा करता?” ज्याला या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येते, त्याच्या करुणेला आधार आहे असे समजावे.

एक वेगळी गोष्ट. झोपेची तक्रार इतके महिने चालू आहे, तेव्हा एकदा फॅमिली डॉक्टरांना दाखवून रक्ततपासणी करून घ्यावी; थायरॉइड किंवा रक्तक्षय असेल तर नुसत्या बोलण्याने तो जाणार नाही. आणि एखाद्या रात्री फारच असह्य झाले, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीतूनही बोलता येते.


साधा_माग (इचलकरंजी):

मी या क्षेत्रातला नाही. दीड वर्ष थेरपी घेतलेला माणूस आहे. वरच्या प्रतिसादातले बरेचसे मला पटले, म्हणून माझ्या बाजूने काय दिसले ते लिहितो.

आमचे आठ यंत्रमाग होते, वडिलांनी सुरू केलेले. कर्ज वाढत गेले आणि तीन वर्षांपूर्वी ते भंगारात घालावे लागले. त्यानंतर मी घरात कोणाशी बोलेनासा झालो. बायकोने हट्टाने मला कोल्हापूरला एका बाईंकडे नेले. त्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहेत, शहरात वाढलेल्या. माग त्यांनी कधी जवळून पाहिलेलाही नव्हता. या बाईंना आपले काय कळणार, असे मला वाटले आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवले. त्या म्हणाल्या, “खरे आहे, मला माहीत नाही. तुम्ही मला सांगाल का माग कसा चालतो ते?”

मग मी सांगू लागलो. बीम कसा चढवतात, कांडीवरचा धागा संपला की माग थांबवून धोट्यातली कांडी कशी बदलायची, धागा तुटल्याचे आवाजावरून झोपेतही कसे कळते. तो सगळा तास त्यातच गेला. त्यांनी वहीत धोट्याचे चित्र काढले आणि बरोबर आहे का म्हणून मला दाखवले. तिसऱ्या की चौथ्या भेटीत त्यांनी विचारले, “शेवटचा माग ट्रकवर चढला, तेव्हा तुम्ही कुठे उभे होता?” हा प्रश्न तोवर मला कोणीही विचारला नव्हता. मी वडिलांच्या फोटोसमोर उभा होतो, फोटोकडे पाठ करून. हे मी बायकोलाही सांगितले नव्हते. ते बोलल्यावर मी बराच वेळ गप्प होतो आणि बाईही गप्प बसून राहिल्या. शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येत होत्या. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला, पण बोलल्या काही नाहीत.

एकदा त्यांचेही चुकले. मी भावाबद्दल काहीतरी सांगत असताना त्यांनी घाईने भावाची बाजू मांडली आणि मी तोंड मिटले. पुढच्या भेटीत मी बसायच्या आत त्या म्हणाल्या, “मागच्या वेळी मी तुमचे पुरते ऐकून न घेता बोलले, ते माझे चुकले.” आमच्या घरात मोठ्या माणसाने चूक कबूल केलेली मी कधी पाहिली नव्हती. मला वाटते, खरा फरक त्या दिवसापासून पडला. निवृत्त सरांनी ‘मुखवटा न घालता खरे असावे’ असे लिहिले आहे, ते वाचताना मला हेच आठवले.

गोदाकाठताई, पहिल्या भेटीत सगळे ओळखता येते असे मला वाटत नाही. पण समोरचा माणूस आपल्या आयुष्याबद्दल शिकायला तयार आहे की आपल्याला शिकवायला बसला आहे, एवढे नक्की कळते.


उदगीरची_समुपदेशक:

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी समुपदेशनाचे काम करते. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केले आहे. निवृत्त सरांचा पूर्ण आदर राखून एका मुद्द्यावर वेगळे मत मांडते. केंद्रीय नोंदवहीत नाव असलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ पुण्या-मुंबईत सहज मिळतील. आमच्याकडे त्यासाठी दिवसभराचा प्रवास करावा लागतो. नोंदणी नाही म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजले, तर गावाकडच्या माणसाला कोणीच उरणार नाही. आपल्या मर्यादा ओळखून काम करणारे, आणि भास, आत्महत्येचे विचार, व्यसनाची तीव्र अवस्था दिसली की वेळ न दवडता डॉक्टरांकडे पाठवणारे समुपदेशकही पुष्कळ आहेत.

आता माझ्या पार्श्वभूमीविषयी, कारण ‘या बाईंना आपले काय कळणार’ हा साधा_माग यांचा मुद्दा तिकडेच जातो. माझे आईवडील कोरडवाहू शेती करतात. शेतकरी कुटुंबातल्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना वाटते की ही आपल्यातलीच आहे, आणि त्या मोकळेपणाने बोलतात. सुरुवातीला मी हे माझे बळ समजत होते. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असे आपण म्हणतो. मी तर त्याच वंशातली. एकदा एक बाई सावकाराच्या तगाद्याबद्दल सांगत होत्या. मी मान डोलावत होते, मला सगळे समजत होते. महिन्याभराने ती केस माझ्या मार्गदर्शकांना सांगत असताना त्यांनी विचारले, “त्या बाईंना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?” मी ताबडतोब म्हणाले, “जमीन जाण्याची.” त्यांनी पुन्हा विचारले, “हे त्यांनी सांगितले का?” नव्हते सांगितले. ती भीती माझ्या आईची होती. पुढच्या भेटीत मी त्या बाईंनाच विचारले, तर त्यांचा जीव शाळा सोडायला लागलेल्या मुलीसाठी तुटत होता. जमीन गेली तरी चालेल, असे त्या म्हणाल्या.

तेव्हापासून माझ्याच भागातली, माझ्याच जातीची, माझ्याच वयाची बाई समोर बसली की मी अधिक सावध होते. साधा_माग यांच्या बाईंना मागाची काहीच माहिती नव्हती, म्हणून त्यांनी विचारले. मला माहिती होती, म्हणून मी विचारले नाही.

आणखी एक, थोडेसे बाजूचे. करुणा म्हणजे सतत मऊ बोलणे, असा समज होऊ नये. आपल्याकडे महाराष्ट्रात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती बरीच वापरली जाते. ती त्यांनी १९५५ च्या सुमारास मांडली. एलिस स्वतः फार रोखठोक बोलत, क्लायंटच्या अविवेकी समजुतींना उघड आव्हान देत, तरीही माणसाने स्वतःला कोणत्याही अटीशिवाय स्वीकारावे हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. ‘मी आईसाठी आणखी करायला हवे होते’ असे वाक्य गोदाकाठताईंच्या मनात घोळत असेल, तर चांगला थेरपिस्ट कधीतरी त्या ‘हवे होते’ची उलटतपासणीही करील. फक्त ते सगळे ऐकून झाल्यावर.


निवृत्त_चिकित्सालयीन:

उदगीरच्या ताईंचा आक्षेप रास्त आहे. मी नोंदणीवर भर दिला, तो शहरात बसून दिला. सावकाराच्या तगाद्याचा प्रसंग त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे लिहिला, त्याबद्दल त्यांचे आभार. देखरेखीचे महत्त्व मी तीन परिच्छेदांत जेवढे सांगू शकलो नाही, तेवढे त्यात आले आहे. तरी एक आग्रह मी सोडणार नाही: शिक्षण कोणतेही असो, ते विचारले असता राग येणारा थेरपिस्ट निवडू नये. आणि पहिल्याच भेटीत गोपनीयतेबद्दल, म्हणजे आपले बोलणे कोणाला कळणार नाही आणि जिवाला धोका असल्यासारख्या कोणत्या परिस्थितीत कळवावे लागेल, याबद्दल त्याने स्वतःहून बोलायला हवे. गोपनीयता हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्कच आहे.


गोदाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसाद दोनदा वाचले. रक्ततपासणी शनिवारी करून घेतली. हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले आहे, गोळ्या सुरू केल्या.

काल एका थेरपिस्टना फोन केला. त्यांचे शिक्षण विचारले, ते त्यांनी न रागावता सांगितले, नोंदणी क्रमांकही पाठवला. अडचण आली तर कोणाशी चर्चा करता, असे विचारल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या की महिन्यातून दोनदा त्या आपल्या ज्येष्ठ मार्गदर्शकांना भेटतात. मी आईबद्दल थोडक्यात सांगितले आणि सवयीने म्हणून गेले, “तशी ती सुटलीच म्हणायची.” त्यांनी विचारले, “हे तुम्हाला वाटते, की लोक म्हणतात?”

मला लगेच उत्तर देता आले नाही. त्या म्हणाल्या, आत्ता नको, भेटल्यावर बोलू. बुधवारी शाळा सुटल्यावर साडेपाचची वेळ ठरली आहे.